समोरच्या काचेतल्या कृत्तिका

११ मार्च, रात्र

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. मधली पानं कोरी गेली. हरकत नाही, जाग आली तेव्हापासून सकाळ धरावी.

कारण असं की लेक आज माहेरी आली. बाळंतपणासाठी. जावई जहाजावर, पावसाळा संपेपर्यंत परत येत नाही. तारीख मे महिन्याच्या शेवटाकडची. जेवताना मी जाहीर करून टाकलं, वेळ येईल तेव्हा, दिवस असो की रात्र, हॉस्पिटलला गाडी मी नेणार. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. माझ्या लेकीला दुसऱ्याने नेलं तर लोक काय म्हणतील? आमच्या बोर्डावर लिहिलंच आहे, ‘गाडी हाताने नाही, नजरेने चालते.’ वाक्य माझं. पेंटरने फक्त रंगवलं.

लेक पाणी पीत राहिली. हिने फ्रिजवर अॅम्ब्युलन्सचा नंबर चिकटवला. मी काढला.

१४ मार्च

संध्याकाळच्या बॅचला सध्या एकच शिष्या. निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवायच्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना भूगोलबाई म्हणतो. यजमान गेल्यापासून त्यांची गाडी शेडमध्ये धूळ खात पडलीय, ती चालवायची आहे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, पण मला सर म्हणतात. बरं वाटतं.

आज मैदानात गाडी थांबवून बाई वर बघत बसल्या. म्हणाल्या, सर, कृत्तिका बघा. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांची रेघ पुढे ओढायची, की लालसर रोहिणी लागते. तशीच आणखी पुढे पश्चिमेकडे गेलं की चिमूटभर ताऱ्यांचा घोस. साध्या डोळ्याला सहा दिसतात, तल्लख डोळ्याला सात. नजर जोखायची ही जुनी रीत म्हणे. स्वतः बाईंना चष्म्यातून सहा दिसतात.

मी वर बघितलं. म्हटलं, सात.

(मृगच सापडला नव्हता. पण मैदानातल्या दिव्याची तिरीप थेट डोळ्यावर येत होती.)

कुठल्या महिन्यात त्या कुठे दिसतात तेही सांगायला लागल्या. रोज थोड्या लवकर मावळतात वगैरे. मे महिन्याचं काहीतरी विशेष आहे म्हणाल्या, पण तेवढ्यात त्यांचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी उडी मारून बंद पडली. क्लासमध्ये अवांतर गप्पा बंद, असा नियम केला.

१५ मार्च

ठराव. रोज अंधार पडल्यावर गच्चीवर जाऊन कृत्तिका मोजायच्या. सकाळी एक कच्चं गाजर. झोपताना तळहात चोळून डोळ्यांवर ठेवायचे. लेक परवापासून डोळे तपासून घ्या, डोळे तपासून घ्या म्हणून मागे लागलीय. जे काम आकाश फुकटात करतं त्यासाठी डॉक्टरच्या दारात नंबर लावून बसण्यात काय शहाणपण आहे?

१९ मार्च

गच्चीवर कृत्तिका नाहीत. ढग.

२० मार्च

ढग.

२२ मार्च

ढग. ही वाळलेले कपडे काढायला वर आली होती. म्हणाली, आभाळ कसं स्वच्छ आहे आज. हिला ढगांतलं काय कळतं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. कशाला उद्देशून म्हणाली ते विचारलं नाही.

२७ मार्च, रात्री नऊ

सापडल्या.

आज हॉस्पिटलच्या रस्त्याची रंगीत तालीम केली. एकटाच गेलो. अर्धा रस्ता गावातला, त्याचं काही नाही, तो पाठ आहे. उरलेला बाह्यवळणाचा. सरळसोट, पश्चिमेकडे जाणारा, त्यावर एक दिवा नाही. त्याच्या टोकाला उजवीकडे वळलं की दोन मिनिटांत हॉस्पिटल. वळलं नाही तर पुढे मोठ्या इमारतीचं बांधकाम चाललंय, तिथे रस्ताच संपतो.

समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली फार भडक असतात. प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसतं. कंपन्यांनी काचा बदलल्या असणार. त्या झगझगाटाला वैतागून वर बघितलं, तर काचेच्या बरोबर मध्ये, समोर पश्चिमेला, छोटासा घोस. जरा धूसर. पण घोस. गाडी बाजूला घेऊन मोजल्या. सात.

थोडा वेळ तसाच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्याने. काचा बंद होत्या, पण वाऱ्याला कुठूनही वाट मिळते.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. लेक म्हणाली, छान. ही म्हणाली, बरं.

२ एप्रिल

शोध लागला. बाह्यवळणावर गाडी जसजशी पुढे जाते तसतशा कृत्तिका काचेत वर सरकतात. वळण येतं त्या क्षणी बरोबर छताआड जातात. आपण ताऱ्यांच्या जवळ गेलो की तारे डोक्यावर येतात, हे साधं शास्त्र आहे, पण ड्रायव्हिंगमध्ये आजवर कोणी वापरलेलं दिसत नाही.

म्हणून नियम: कृत्तिका काचेच्या मध्ये धरायच्या, छताआड गेल्या की उजवीकडे टर्न. वळणाची पाटी शोधत बसायची गरज नाही. पाटी तशीही हल्ली पुसट झालीय.

पाच वेळा करून बघितलं. पाचही वेळा अचूक.

६ एप्रिल

बाईंना बाह्यवळणावर नेलं. अंधार पडल्यावर समोर बोट दाखवून म्हटलं, त्या बघा तुमच्या कृत्तिका, सात आहेत. बाईंनी समोर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, रस्त्यावर लक्ष द्या.

बहुतेक त्यांना दिसल्या नसाव्यात. वयाचं असं असतं. वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

९ एप्रिल

संध्याकाळी सात. दिवेलागणीची वेळ. बाई चालवत होत्या, मी नेहमीसारखा शेजारी, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. चौकात बाई थांबल्या. मी डावीउजवीकडे बघून म्हटलं, चला, मोकळं आहे.

बाईंनी गाडी सोडली आणि पुढच्याच क्षणी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. माझं कपाळ काचेला लागायचं राहिलं. बोनेटसमोर हातभरावर सायकलवाला. पुढे दांडीवर एक लहान मुलगी बसलेली. सायकल आडवी झाली नाही, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सायकलवाल्याने माझ्या डोळ्यांचा आणि सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगी रडली नाही. नुसती बघत होती.

मी बाईंना म्हटलं, तुमची परीक्षा घेतली, पास झालात.

बाईंनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंग धरून बसल्या. म्हणाल्या, सर, तुम्हाला तो दिसला नव्हता. विचारलं नाही, सांगितलं.

म्हटलं, दिसला होता.

रात्री दोन घास खाऊन ताटावरून उठलो. हिने बघितलं आणि काही विचारलं नाही. हिचं हे काही न विचारणं मला आवडत नाही.

१० एप्रिल

सायकलवाल्याचा शर्ट काळा होता. सायकलला रिफ्लेक्टर नव्हता. शिवाय सूर्य नुकताच मावळलेला, म्हणजे ना उजेड ना अंधार. अशा वेळी कोणालाही दिसलं नसतं.

बाईंना दिसला. त्या घाबरून बघत असतात, म्हणून.

११ एप्रिल

ती मुलगी पाचेक वर्षांची असेल.

१४ एप्रिल

संध्याकाळपासून सगळ्या भागातले लाईट गेले. म्हटलं, छान, अंधारात कृत्तिका आणखी लखलखीत दिसतील. तालमीला निघालो. बाह्यवळणावर एकही कृत्तिका नाही. समोर नुसता काळोख. रस्त्याची कड कळेना, वळण किती लांब ते कळेना. मधेच थांबलो आणि हळूहळू मागे आलो. इंजिनातून कसला तरी आवाज येत होता, म्हणून.

घरी आलो तर लेक गच्चीत खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, बाबा, एवढे तारे मी जन्मात बघितले नव्हते. म्हटलं, आपल्याकडे निरभ्र असेल, पश्चिमेला ढग आहेत.

१८ एप्रिल

गाडीचा डावा आरसा तुटला. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब पुढे सरकवलाय. नगरपालिकेकडे तक्रार करणार. ही म्हणाली, तो खांब आपलं लग्न झालं तेव्हापासून तिथेच आहे. तिला खांबांचा इतिहास कधीपासून पाठ झाला कोण जाणे.

२२ एप्रिल

भूगोलबाई टेस्टला पास. पेढे नाही, मला एक पेन दिलं. म्हणाल्या, सर, तुम्ही शिकवलंत म्हणून आलं, आता तुम्ही माझं एक ऐका, डोळे दाखवून या. म्हटलं, बघू. शिष्य पास झाला की गुरूला अक्कल शिकवतो, ही जगाची रीत आहे.

त्यांच्याशिवाय संध्याकाळची बॅच रिकामी. तसाही उन्हाळ्यात ती बंदच ठेवायची होती.

२५ एप्रिल

आज कृत्तिका नऊ.

दोनदा मोजल्या. नऊ. गाजराचा गुण. तल्लख डोळ्याला सात म्हणतात, तर नऊला काय म्हणत असतील? बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, वहिनींना फोन देता का जरा? दिला. ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बायकांच्या गप्पा.

२९ एप्रिल

हिचं काहीतरी बिनसलंय. रोज संध्याकाळी पाचला भाजी आणायला म्हणून जाते आणि सातला येते. तीनदा भाजी न घेताच परत आली. विचारलं तर म्हणाली, विसरले. भाजीला गेलेला माणूस भाजी विसरतो म्हणजे काय? स्मरणशक्तीचं लक्षण चांगलं नाही. डॉक्टरला दाखवायला हवं. माणसाने वेळेवर तपासणी करून घ्यावी, उगाच अंगावर काढू नये. तसं मी तिला समजावून सांगितलं. ही खूप हसली.

१ मे

शिवाय लेकीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून जाते. चपलेने पाय घसरतो म्हणाली. कशावरून घसरतो ते सांगितलं नाही.

४ मे

लेकीशी भांडण. म्हणजे ती बोलली, मी ऐकलं.

म्हणाली, बाबा, मला बाळंतपणाची भीती वाटत नाही, तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते. परवा दुपारी घरासमोर शेजारच्या काकू उभ्या होत्या, तुम्ही त्यांना पोस्टमन समजून पत्र आहे का विचारलंत. रात्रीच्या वेळी मी मागे झोपलेली असणार, कळा येत असणार, आणि तुम्हाला समोरचं दिसणार नाही. मी काय करू? रडली. अशा अवस्थेत तिला रडवलं.

म्हटलं, अगं, मला नऊ कृत्तिका दिसतात.

ती जास्तच रडायला लागली.

शेवटी शब्द दिला की उद्या डॉक्टरकडे जातो.

५ मे

गेलो होतो. दवाखाना कुठल्या मजल्यावर ते बाहेरच्या पाटीवर लिहिलंय. पाटी वाचता येईना. परत आलो. डोळ्यांच्या डॉक्टरने तरी पाटी मोठी लावायला नको का?

लेकीला सांगितलं, सगळं ठीक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. क्लास माझ्या नजरेवर चालतो. उद्या गावात कळलं की मास्तरलाच दिसत नाही, तर पोरं पलीकडच्या क्लासला पळतील. हे कोणाला कळत नाही.

आणि मला दिसतं.

१३ मे

तालमीत पुढचा बंपर गेला. कुंपणाची भिंत. गाडी गॅरेजला टाकली. गॅरेजवाल्याने चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, सध्या कोण शिकतंय, फारच कच्चं दिसतंय. म्हटलं, हो, एक आहे. पालथ्या घड्यावर पाणी. तो म्हणाला, सोडून द्या त्याला, एखाद्या दिवशी माणूस मारेल.

आठवडा लागेल म्हणाला.

२१ मे

गाडी आली. टाकी फुल. हवा चेक. हॉस्पिटलची बॅग डिकीत. गाडीचं तोंड फाटकाकडे करून उभी केली, म्हणजे रिव्हर्सची भानगड नको. गाडी उभी करायला जरा वेळ लागला. ही पायरीवर उभी राहून बघत होती. म्हणाली, स्टिअरिंग डावीकडे थोडं तोडा. बायकांनासुद्धा आता सल्ले सुचायला लागले.

अॅम्ब्युलन्सचा नंबर पुन्हा फ्रिजवर. या वेळी काढला नाही. असू दे, कागदाचं वजन ते किती.

झोप लागत नाही. भीती वगैरे नाही.

आहे. कोण वाचणार आहे, लिहून टाकतो. डोळे मिटले की ती सायकलच्या दांडीवरची मुलगी दिसते. ती मात्र स्पष्ट दिसते.

२५ मे, पहाटे, हॉस्पिटलच्या बाकावर

क्रमाने लिहितो.

काल संध्याकाळी साडेसातला लेकीला कळा सुरू झाल्या. ही फोनकडे गेली. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, गाडी दुसरीकडे गेलीय, पाऊण तास लागेल. मी तोवर इंजिन सुरू केलं होतं. पाऊण तास थांबण्यासारखी लेकीची अवस्था नव्हती. ही माझ्याजवळ आली, काहीतरी बोलणार होती, पण लेक ओरडली आणि ही तिला धरून मागे बसली.

गावातला रस्ता पाठ होता. गेलो. बाह्यवळणाला लागलो तेव्हा पूर्ण अंधार. समोरून ट्रक येत होते, प्रत्येक ट्रकबरोबर काच पांढरी व्हायची आणि मग काहीच दिसायचं नाही. ट्रक गेला की मी श्वास सोडायचो. मागे लेक दात आवळून कण्हत होती. ही तिला सांगत होती, हळू श्वास घे, हळू. मला वाटलं मलाच सांगतेय. मी हळू घेतला.

मग समोर कृत्तिका दिसल्या आणि जिवात जीव आला. म्हटलं, पोरी, आता काळजी नको, रस्ता सापडला.

आज जरा खाली होत्या. मनात म्हटलं, बाई म्हणाल्या होत्या, मे महिन्यात काहीतरी विशेष असतं, तेच हे. काचेच्या मध्ये धरल्या. आता वर सरकतील आणि छताआड गेल्या की टर्न. लेक जोरात ओरडली. मी पाय थोडा दाबला. कृत्तिका मोठ्या व्हायला लागल्या, पण वर सरकेनात. म्हटलं, थांब, सरकतील. आणखी मोठ्या. आता त्यांच्यामध्ये अंतर दिसायला लागलं. काचेतून जाईनात. मी वाट बघत होतो. डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतो. टर्न कुठे आहे याचा विचारसुद्धा मनात आला नाही, कारण कृत्तिका अजून काचेत होत्या.

ही मागून माझं नाव घेऊन ओरडली. लग्नाला तीस वर्षं झाली, हिने कधी माझं नाव घेतलं नव्हतं. मी ब्रेक दाबला.

गाडी कशात तरी मऊ घुसली आणि थांबली. खूप शांत झालं.

रेतीचा ढिगारा. बोनेट निम्मं आत. ढिगाऱ्याच्या पलीकडे, चार पावलांवर, लोखंडी सळ्यांचा गठ्ठा, टोकं आमच्याकडे. आणि वर, दुसऱ्या मजल्यावर, बांबूला वायर गुंडाळून टांगलेले बल्ब. पिवळे. एवढ्या जवळून मलाही बल्बच दिसले. नऊ. त्यांच्या उजेडात एक गवंडी हातात थापी घेऊन माझ्याकडे बघत उभा होता. नंतर त्यानेच सांगितलं, वरच्या स्लॅबचं काम आटोपलं, तीन दिवसांपासून खाली प्लास्टर चाललंय, म्हणून दिवे खाली आणले.

मी मागे वळून लेकीकडे बघू शकलो नाही. तीच म्हणाली, बाबा, मी ठीक आहे, पण आता उशीर नको. आवाज शांत होता. त्या शांत आवाजाचंच मला रडू आलं.

ही खाली उतरली, माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि म्हणाली, सरका.

सरकलो. ही बसली. सीट पुढे ओढली. पायात लेकीचे कॅनव्हासचे बूट. गवंडी आणि आणखी दोघे फावडी घेऊन आले, चाकांपुढची रेती ओढली. हिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, मान वळवून मागे बघितलं, रिव्हर्स टाकला आणि क्लच असा सोडला की माझ्या बावीस वर्षांतल्या एकाही विद्यार्थ्याने सोडला नसेल. गाडी एकदा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे, आणि बाहेर. मग ती वळणाशी आली. वळण होतं तिथेच होतं. इंडिकेटर दिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी दिला.

शेजारची सीट बावीस वर्षं माझीच. पायाखाली माझा ब्रेक. तो एकदाही दाबायची वेळ आली नाही.

विचारलं, हे कुठे शिकलीस.

भाजी आणताना, म्हणाली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सने माझ्या हातात दिली. चेहरा नीट दिसला नाही. ट्यूबलाईट मंद आहे, असं लिहिणार होतो.

२६ मे

भूगोलबाई बाळाला बघायला आल्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, चूक झाली ती एवढीच, की त्या दिवशी बल्ब आणि कृत्तिका यांत गल्लत झाली. बाकी दिवस कृत्तिकाच होत्या.

बाई फार हळू बोलल्या. म्हणाल्या, सर, एप्रिलमध्ये संध्याकाळी पश्चिमेला कृत्तिका असतात, पण रोज खाली खाली जातात. तुमच्या रोज एकाच जागी होत्या. मे सुरू झाला की त्या सूर्याच्या मागोमाग मावळतात आणि मग महिनाभर दिसतच नाहीत. सूर्य त्यांच्याच घरात जाऊन बसलेला असतो, उजेडात कोणाला दिसणार. पहिल्याच दिवशी सांगत होते मी, तेव्हा माझा क्लच सुटला.

आणि ते सहा एप्रिलला, मी विचारलं.

ते बल्बच होते, म्हणाल्या. म्हणून तर वहिनींना शिकवायला घेतलं. त्याच म्हणाल्या, ह्यांना सांगून उपयोग नाही, मला चालवता आली पाहिजे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

३० मे

डॉक्टरकडे गेलो. ही घेऊन गेली. पाटी हिने वाचली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला पिकलेला. डॉक्टरने विचारलं, गाडी चालवता का. मी म्हटलं, अधूनमधून. हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रोज. रात्रीसुद्धा.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

१२ जून

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी निघाली. भिंत पांढरी निघाली, मी इतके दिवस पिवळट समजत होतो. ही जरा म्हातारी दिसली. मीही दिसत असणार. नातीला उजेडात धरून बघितलं. तिच्या डाव्या कानामागे बारीकसा तीळ आहे. कोणालाच माहीत नव्हता. मला सापडला.

नंतर अंगणात गेलो आणि ओरडून विचारलं, गाडीवर एवढे ओरखडे कोणी पाडले?

हिने आतून खिडकी लावून घेतली.

२० जून

क्लास पुन्हा सुरू. सध्या दिवसाच. दोन बायका चौकशीला आल्या, बोर्ड वाचला आणि म्हणाल्या, त्या बाई शिकवतात ना, रेतीतून गाडी काढली त्या? म्हटलं, शिकवतात.

गाडीची किल्ली हिच्याकडेच असू दे, असं मीच ठरवलं. ती तिच्याकडेच होती.

२९ जून, पहाटे

नात रडत होती. लेक दमून झोपलेली, म्हणून मी तिला घेऊन गच्चीवर आलो. पूर्वेला अजून तांबडं फुटलं नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, जून सरता सरता पहाटे पूर्वेला परत येतील, लक्ष ठेवा.

बघितलं. होत्या. लहानशा. मला वाटायच्या त्यापेक्षा पुष्कळच लहान, अंगठ्याखाली सगळा घोस झाकेल एवढ्या. आणि पांढऱ्या. मी उजव्या डोळ्याने नीट मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच. सातवी असेल म्हणून बराच वेळ बघत राहिलो. नात गप्प झाली होती.

ही चहा घेऊन वर आली. शेजारी उभी राहिली, वर बघितलं आणि विचारलं, किती दिसतात.

म्हटलं, सात.

ही बघत राहिली. चहा निवत चालला होता. मग म्हणाली, मला तर सहाच दिसतायत.

नातीला मी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हटलं, मलाही.